शिल्लक रजेचा हिशेब

व्यवसायाच्या जमाखर्चात काही देणी अशी असतात, की ज्यांचा तगादा लावायला कोणी दारात येऊन उभा राहत नाही. माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्याचे बिल मुदतीला येते, बँकेचा हप्ता ठरल्या तारखेला वळता होतो, जागेचे भाडे किंवा विजेचे देयक चुकले तर दुसऱ्याच महिन्यात त्याची आठवण करून दिली जाते. परंतु कामगाराने वर्षभर राबून मिळवलेली आणि काही ना काही कारणाने न घेतलेली रजा हे जे एक देणे आहे, ते हजेरीपुस्तकाच्या शेवटच्या रकान्यात वर्षानुवर्षे साचत राहते, आणि एखादा जुना फिटर निवृत्त झाला किंवा हिशेबखात्यातला अनुभवी कारकून राजीनामा देऊन दुसरीकडे गेला, म्हणजे मगच मालकावर त्या रकान्याचे रुपयांत रूपांतर करून पाहण्याची पाळी येते. रजा त्याने आपणहून घेतली नाही, मग तिचे पैसे आपण का द्यायचे, असा प्रश्न अशा वेळी बहुतेक मालक विचारतात. प्रश्न स्वाभाविक आहे, आणि म्हणूनच त्याचा विचार तडकाफडकी न करता सविस्तर केला पाहिजे. हे देणे मूळचे विश्रांतीचे आहे, पैशाचे नव्हे. ते विश्रांतीच्याच रूपाने आणि त्या त्या वर्षीच फेडले गेले तर मालकाला स्वस्तात पडते आणि कामगारालाही त्याचा खरा लाभ होतो. ते पैशात फेडण्याची वेळ वारंवार येत असेल, तर रजेच्या कारभारात कोठेतरी ढिलाई शिरली आहे असे समजून तिचा शोध घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

भरपगारी रजा ही धन्याने खुशीने दिलेली बक्षिशी नव्हे, ही गोष्ट आपल्या देशात फार उशिरा मान्य झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टीसुद्धा निश्चित नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवून आणि हजारो कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारी आयोगापुढे ठेवून जो प्रयत्न आरंभला, त्याला १८९० मध्ये रविवारच्या सुट्टीच्या रूपाने यश आले. तरीही पगार चालू ठेवून वर्षाकाठी सलग काही दिवस घरी जाण्याची सोय व्हायला त्यानंतर आणखी अर्ध्या शतकाहून अधिक काळ जावा लागला. गिरणगावातला रत्नागिरीचा किंवा साताऱ्याचा कामगार शिमग्याला, गणपतीला अथवा पेरणीच्या दिवसांत गावी जाई तो पगार बुडवून जाई, आणि त्याच्या मागावर बदली कामगार बसलेला असल्यामुळे, परतल्यावर आपली जागा शाबूत राहील की नाही ही धास्ती गावी असतानाही त्याच्या मनातून जात नसे. कारखाने कायद्याच्या १९४५ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामगाराला वर्षाला दहा दिवसांची भरपगारी रजा पहिल्यांदाच कायद्याने मिळाली, आणि १९४८ च्या कारखाने अधिनियमाने तिला जे स्वरूप दिले तेच, थोड्याफार फरकाने, आजही आपल्या परिचयाचे आहे.

त्या अधिनियमाची योजना विचारपूर्वक केलेली होती. एका वर्षात २४० दिवस काम भरले, की पुढील वर्षी प्रत्येक २० दिवसांच्या कामामागे एक दिवस या प्रमाणात प्रौढ कामगाराला रजा मिळे; रजेच्या काळात येणाऱ्या सुट्ट्या तीत मोजल्या जात नसत; रजेचा अर्ज सर्वसाधारणपणे १५ दिवस आधी करावा लागे, मात्र आजारपणासाठी ही रजा हवी असेल तर मुदतीची अट आड येत नसे; आणि वर्षअखेर जी रजा उरेल तिच्यापैकी जास्तीत जास्त ३० दिवस पुढील वर्षात ओढता येत. यापैकी बहुतेक गोष्टी कोणत्याही कारखान्यातल्या जुन्या कारकुनाला तोंडपाठ असतात. ज्या एका परंतुकाकडे मात्र दुर्लक्ष होते, आणि ज्याच्यावर शिल्लक रजेचा सारा कारभार वस्तुतः अवलंबून आहे, ते असे, की कामगाराने रीतसर मागितलेली रजा नाकारली गेली असेल, तर ती नाकारलेली रजा पुढे ओढण्याला कोणतीही मर्यादा नाही. ३० दिवसांची कमाल मर्यादा ही न मागितलेल्या रजेपुरती आहे. मागून न मिळालेल्या रजेला ती लागू होत नाही. कायदा करणाऱ्यांचा हेतू येथे उघड दिसतो. स्वतःच्या सोयीसाठी कामगाराला थांबवून धरायचे आणि वर्ष संपताच त्याच थांबण्याचा आधार घेऊन त्याची रजा बुडवायची, असा दुहेरी लाभ मालकाला घेता येऊ नये.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामकाजाच्या स्थितीविषयीच्या २०२० च्या संहितेने हीच चौकट पुढे चालवली असून तीत दोन महत्त्वाचे फरक केले आहेत. २४० दिवसांची पात्रता आता १८० दिवसांवर आली आहे. आणि वर्षअखेर शिल्लक रजेचे पैसे मागण्याचा, तसेच ३० दिवसांच्या वर गेलेल्या रजेचे पैसे घेण्याचा हक्क कामगाराला मिळाला आहे. या दुसऱ्या फरकाचा परिणाम असा, की जे देणे पूर्वी निवृत्तीपर्यंत किंवा नोकरी सुटेपर्यंत दूर होते, ते आता दर डिसेंबरात दारात येऊ शकते. दुकाने, कचेऱ्या, उपाहारगृहे यांना मात्र महाराष्ट्रात २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम लागू आहे आणि त्याचे आकडे वेगळे आहेत. त्यात वर्षाला आठ दिवसांची किरकोळ रजा आहे, ती वर्षअखेर न वापरल्यास व्यपगत होते. २४० दिवस काम भरल्यावर विसास एक या प्रमाणात हक्काची रजा आहे, ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. आणि १५ दिवस आधी मागूनही ती नाकारली गेली, तर ४५ दिवसांवरील रजेचे पैसे घेण्याचा कर्मचाऱ्याला अधिकार आहे. भोसरीत कारखाना आणि शहरात विक्रीची कचेरी, अशी ज्यांची विभागणी आहे त्यांनी दोन्हीकडे एकच नियमपुस्तिका चालवण्यापूर्वी हा भेद लक्षात घ्यावा. आणि एकच पुस्तिका हवी असेल तर प्रत्येक बाबतीत कामगाराला जी तरतूद अधिक लाभदायक असेल ती स्वीकारावी, म्हणजे वादाला जागा उरत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. माणसे हक्काची रजा घेत का नाहीत? काहीजण तिला बचत मानतात. मुलीच्या लग्नाला, घराच्या बांधकामाला किंवा घरातल्या दुखण्याखुपण्याला उपयोगी पडेल म्हणून ती राखून ठेवतात, आणि हा विचार गैर आहे असे कोणी म्हणू नये. काहीजण साहेबाच्या चेहऱ्याकडे पाहून अर्ज खिशातच ठेवतात. जेथे रजेचा अर्ज वाचताना वरिष्ठाच्या कपाळाला आठी पडते, तेथे नियमपुस्तिकेत काय छापले आहे याला फारसा अर्थ उरत नाही. परंतु लहान आणि मध्यम उद्योगांत रजा साचण्याचे सर्वांत मोठे कारण मला याहून निराळे दिसते, ते म्हणजे एका कामाचा जाणता एकच माणूस असणे. जकात जाऊन वस्तू व सेवा कर आला, वह्या जाऊन संगणक आले, तरी एखाद्या कचेरीत कराचे विवरणपत्र भरणारा एकच कारकून असतो, एखाद्या कारखान्यात जुन्या यंत्राची नस ओळखणारा एकच मिस्त्री असतो, आणि एखाद्या दवाखान्यात औषधांच्या साठ्याचा मेळ ठेवणारी एकच बाई असते. अशा माणसाला रजा देणे म्हणजे काम बंद ठेवणे, असे समीकरण होऊन बसते. मालक त्याला मोठ्या आर्जवाने थांबवतो, त्यालाही आपल्यावाचून अडते याचे समाधान वाटते, आणि अशा रीतीने दोघांच्या संमतीने रजा साचत जाते. येथे शिल्लक रजेचा आकडा हा कामाच्या वाटणीत असलेल्या दोषाचा दर्शक असतो. ज्याच्या नावावर सर्वांत जास्त रजा पडून आहे, त्याच्या जाण्याने उद्योगाला सर्वांत मोठा धक्का बसणार आहे, इतके अनुमान बहुधा निर्धोकपणे काढता येते. म्हणून मालकाने वर्षातून एकदा रजेची यादी उतरत्या क्रमाने लावून पहिली दहा नावे तरी स्वतःच्या नजरेखालून घालावीत.

या दोषाचे एक गंभीर रूप बँकांच्या कारभारात दिसून आलेले आहे. फ्रान्समधील सोसिएते जनराल या बँकेच्या एका व्यापारी कर्मचाऱ्याने केलेले अनधिकृत व्यवहार जानेवारी २००८ मध्ये उघडकीला आले आणि ते निपटताना बँकेला सुमारे ४.९ अब्ज युरोंचा तोटा सोसावा लागला. हा गृहस्थ रजा घेण्याचे टाळत असे, कारण त्याच्या जागेवर दुसरा कोणी बसला असता तर लपवलेले व्यवहार त्याच्या दृष्टीस पडले असते. भारतीय रिझर्व्ह बँकेने संवेदनशील जागांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा, पूर्वसूचना न देता, किमान दहा कामकाजाच्या दिवसांची सलग रजा सक्तीने द्यावी असा जो दंडक बँकांना घालून दिला आहे, त्याच्या मुळाशी हाच अनुभव आहे. सामान्य उद्योगात इतकी कडक शिस्त लागू करण्याचे कारण नाही, आणि रजा न घेणाऱ्या प्रत्येक प्रामाणिक माणसाकडे संशयाने पाहणे तर सर्वथा अनुचित होय; परंतु रोकड, खरेदी, गोदाम आणि पगारपत्रक सांभाळणाऱ्या माणसांना वर्षातून एकदा आठ-दहा दिवस सलग रजा मिळावी आणि त्या काळात त्यांचे काम दुसऱ्याच्या हातून व्हावे, हा नियम सर्वांना सारखा लावला, म्हणजे कोणावर अविश्वास दाखवल्यासारखेही होत नाही आणि चुका असल्या तर त्या वेळीच सापडतात.

रजेचे नियोजन जानेवारीतच व्हावे. आपल्याकडे रजेची मागणी वर्षभर सारखी पसरलेली नसते. ती मे महिन्यातल्या लग्नसराईभोवती आणि मुलांच्या शाळेच्या सुट्टीभोवती, मृगाच्या पेरणीभोवती, आषाढीच्या वारीभोवती, गणपती आणि दिवाळीभोवती, आणि कोकणातल्या माणसांच्या बाबतीत शिमग्याभोवती गोळा होते. कोणाचे गाव कोठे आहे, कोणाची शेती आहे, कोणाच्या घरी गणपती बसतो, कोण पायी वारीला जातो, ही माहिती देखरेख करणाऱ्या माणसाला असते, पण कागदावर बहुधा नसते. ती कागदावर आणून, प्रत्येकाकडून वर्षातील एक मोठी सलग रजा आणि दोन लहान रजा यांच्या अपेक्षित तारखा मागवून, विभागवार तक्ता तयार केला, आणि एका वेळी किती माणसे बाहेर असली तरी काम चालेल हे त्यावरून ठरवले, तर निम्मे तंटे तेथेच मिटतात. ज्या दिवसांसाठी सर्वांचीच मागणी येते त्या दिवसांबाबत यंदा एकाची पाळी तर पुढील वर्षी दुसऱ्याची, असा क्रम आधीच जाहीर करावा. ऐन वेळी दिलेला नकार माणसाला लागतो, तर जानेवारीत ठरलेला क्रम तो सहज स्वीकारतो. काही कारखाने दिवाळीत किंवा मे महिन्यात यंत्रांच्या दुरुस्तीसाठी सात-आठ दिवस काम बंद ठेवतात आणि ते दिवस सर्वांच्या रजेत धरतात. ही पद्धत सोयीची आहे, मात्र ती कामगारांशी बोलून, पुरेशी आधी कळवून आणि त्यांच्या रजेचा मोठा भाग त्यांच्या स्वतःच्या निवडीसाठी राखून ठेवून अमलात आणली पाहिजे. नाहीतर मालकाच्या सोयीने दिलेली रजा कामगाराच्या उपयोगी पडत नाही आणि आपल्या गरजेच्या वेळी तो बिनपगारी राहतो.

तक्ता केला म्हणजे काम झाले असे नव्हे. रजेवर जाणाऱ्या माणसाच्या जागी कोण उभा राहील, हे ठरलेले नसेल तर तक्ता भिंतीवर राहतो आणि माणूस यंत्रावर. जुन्या गिरण्यांतील बदलीची पद्धत कामगाराच्या दृष्टीने अन्यायाची होती, कारण बदली कामगाराला रोज सकाळी फाटकाशी ताटकळत उभे राहावे लागे आणि काम मिळेलच याची शाश्वती नसे. तथापि प्रत्येक मागाला दुसरा जाणता हात असला पाहिजे, हे तिच्यातील तत्त्व मात्र आजही घेण्यासारखे आहे. प्रत्येक महत्त्वाच्या कामासाठी एक दुय्यम माणूस नेमावा, त्याला वर्षातून दोनदा तरी मूळ माणसाच्या देखत ते काम स्वतंत्रपणे करू द्यावे, कामाची पायरी-पायरीने लिहिलेली टिपणे, परवलीचे शब्द आणि कुलपांच्या किल्ल्या सुपूर्त करण्याची रीत ठरवावी, आणि रजेवर गेलेल्या माणसाला फोन करण्याचा अधिकार एका वरिष्ठालाच ठेवावा. हे शेवटचे अगत्याचे आहे. गावी गेलेल्या माणसाला दिवसातून चार वेळा फोन करून कामे विचारली, तर त्याची रजा खात्यातून वजा झाली खरी, पण विश्रांती त्याला मिळाली नाही. आणि पुढच्या वर्षी तो म्हणणार, की रजा घेऊन तरी काय उपयोग.

रजा नाकारावी लागणे हे कधीकधी अपरिहार्य असते. निर्यातीचा माल ठरल्या जहाजावर चढवायचा असतो, वर्षअखेरचे हिशेब तपासनीसांपुढे ठेवायचे असतात. अशा वेळी नकार लेखी द्यावा, त्यात कारण लिहावे, आणि तीच रजा केव्हा घेता येईल याच्या दोन पर्यायी तारखा त्याच पत्रात कळवाव्यात. तोंडी नकारात दोन्ही पक्षांचे नुकसान आहे: कामगाराजवळ पुरावा उरत नाही, आणि मालकाच्या दप्तरात ती रजा न मागितलेली म्हणून नोंदली जाऊन पुढे चुकीने कापली जाते. म्हणून रजेच्या खात्यात मिळालेली, घेतलेली आणि शिल्लक या तीन रकान्यांच्या जोडीला मागून नाकारलेली असा चौथा रकाना अवश्य असावा. तसेच प्रत्येक कर्मचाऱ्याला सप्टेंबरच्या अखेरीस त्याच्या शिल्लक रजेचा आकडा लेखी कळवावा, आणि त्यापैकी किती दिवस वर्षअखेर पुढे ओढले जातील व किती नाही हे त्यात नमूद करावे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०१८ रोजी जर्मनीतील प्रकरणांत दिलेले निर्णय या बाबतीत उद्बोधक आहेत: कर्मचाऱ्याने रजा मागितली नाही एवढ्याच कारणाने ती आपोआप बुडू शकत नाही, ती घेण्याची खरी संधी आपण दिली होती, ती न घेतल्यास काय होईल हे स्पष्ट सांगितले होते, हे मालकाने दाखवून दिले पाहिजे. जपानने तर एप्रिल २०१९ पासून, ज्याला वर्षाला दहा किंवा अधिक दिवसांची रजा मिळते त्याला तीपैकी किमान पाच दिवस प्रत्यक्ष घ्यायला लावण्याची जबाबदारी मालकावर टाकून कसुरीबद्दल दंड ठेवला आहे. आपल्याकडे असा नियम नाही. परंतु रजा घेतली जाते की नाही हे पाहणे मालकाचे काम आहे, हा जो विचार त्यामागे आहे तो मला योग्य वाटतो.

आता पैशाचा हिशेब. एका उद्योगात ४० माणसे आहेत आणि प्रत्येकाच्या नावावर ४५ दिवस साचलेले आहेत असे धरले, तर एकूण १,८०० दिवस झाले. दिवसाचे वेतन सरासरी ८०० रुपये धरल्यास हे १४ लाख ४० हजारांचे देणे आहे. ते स्थिरही राहत नाही, कारण रजा कमावली त्या वर्षीच्या पगाराने तिचे पैसे दिले जात नसून देण्याच्या वेळच्या पगाराने दिले जातात. पगार दरसाल आठ टक्क्यांनी वाढत असेल तर तो सुमारे नऊ वर्षांत दुप्पट होतो, म्हणजे आज न दिलेला एक दिवस नऊ वर्षांनी दोन दिवसांच्या किमतीला फेडावा लागतो, आणि तेवढ्या काळात त्या माणसाच्या थकव्यामुळे कामाचे जे नुकसान झाले असेल ते वेगळेच. दिवसाचा दर काढण्याच्या पद्धतीवरूनही अनेक तंटे होतात. २४,००० रुपयांच्या मासिक वेतनाला ३० ने भागले तर दर ८०० येतो, २६ ने भागले तर सुमारे ९२३. ४५ दिवसांवर हा फरक साडेपाच हजारांच्या वर जातो. १९४८ च्या अधिनियमाची कसोटी प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांच्या सरासरी कमाईची होती, तीत महागाई भत्ता धरला जाई आणि जादा कामाचा मोबदला व बोनस वगळला जाई. नव्या संहितांमध्ये वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. सबब मूळ वेतन नाममात्र ठेवून बाकी सारे भत्त्यांत दाखवण्याची जी प्रथा पडली होती, तिच्यावर बसवलेले रजेचे अंदाज पुन्हा तपासले पाहिजेत.

हिशेबशास्त्राच्या दृष्टीने हे देणे त्या त्या वर्षीच वहीत दाखवले पाहिजे, आणि मोठ्या संस्थांना त्यासाठी विमागणितज्ञाकडून मूल्यांकन करून घ्यावे लागते. प्राप्तिकराच्या बाबतीत मात्र एक वादग्रस्त इतिहास आहे. भारत अर्थ मूव्हर्स कंपनीच्या प्रकरणात २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले, की शिल्लक रजेचे देणे त्या वर्षी निर्माण झालेले निश्चित देणे आहे, ते फेडायचे पुढे असले तरी त्याचा वाजवी अंदाज करता येत असेल तर त्यासाठी केलेली तरतूद खर्च म्हणून वजा मिळाली पाहिजे. लगेच पुढच्या वर्षीच्या वित्त अधिनियमाने संसदेने प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४३ ब मध्ये भर घालून ही वजावट रक्कम प्रत्यक्ष दिल्यावरच मिळेल असे केले. कलकत्ता उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती रद्द ठरवली होती, परंतु एक्साइड कंपनीच्या प्रकरणात एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. याचा व्यवहारातला अर्थ असा, की नफातोटापत्रकात हा खर्च दिसत असूनही करात त्याची सवलत तेव्हा मिळत नाही. साचलेली रजा मालकाला या मार्गानेही महाग पडते. कर्मचाऱ्याच्या बाजूने पाहता, नोकरीत असताना घेतलेल्या रजेच्या पैशांवर पूर्ण कर लागतो. निवृत्तीच्या वा नोकरी सोडण्याच्या वेळी मिळालेल्या रकमेवर खाजगी नोकरांना जी सूट आहे तिची कमाल मर्यादा पूर्वी तीन लाख होती, ती १ एप्रिल २०२३ पासून २५ लाख झाली आहे, आणि तिच्या आत दहा महिन्यांच्या सरासरी पगाराचीही मर्यादा आहे. भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी मात्र या पैशांवर कापावी लागत नाही. २००८ मध्ये मणिपाल येथील शिक्षणसंस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, ही रक्कम सर्वच कर्मचाऱ्यांना सरसकट मिळत नसल्यामुळे ती मूळ वेतनात मोडत नाही, असा निर्णय दिलेला आहे.

नोकरी संपते त्या क्षणी मात्र या देण्याबाबत कोणतीही टाळाटाळ चालत नाही. वेतनविषयक संहितेप्रमाणे राजीनामा असो, बडतर्फी असो वा कपात असो, वेतनाची थकबाकी दोन कामकाजाच्या दिवसांत चुकती करावी लागते. शिल्लक रजा नोटिशीच्या मुदतीत परस्पर वळवून घेण्याची जी रीत काही ठिकाणी आढळते, तिला १९४८ च्या अधिनियमाने स्पष्ट मनाई केली होती. कामगाराचा मृत्यू झाला असेल तर ही रक्कम त्याच्या वारसाची असते, म्हणून नामनिर्देशनाच्या कागदात रजेच्या पैशांचाही उल्लेख करून घ्यावा. दुःखात असलेल्या कुटुंबाला त्यासाठी कचेरीचे उंबरे झिजवावे लागू नयेत. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका ग्रामीण बँकेविरुद्धच्या प्रकरणात, नोकरी सोडलेल्या कर्मचाऱ्यांच्या साठलेल्या रजेचे पैसे हे वेतनासारखे आणि म्हणून त्यांच्या मालमत्तेसारखे आहेत, कायद्याच्या आधाराशिवाय ते हिरावून घेता येणार नाहीत, असे म्हटले आहे.

ज्यांच्या दप्तरात पूर्वीपासून मोठा साठा पडून आहे त्यांनी काय करावे, हा प्रश्न उरतो. एका रात्रीत नवी मर्यादा जाहीर करून वरची रजा रद्द करणे हा मार्ग कायद्याने बंद आहे, कारण भरपगारी रजा ही ज्या सेवाशर्तींत बदल करण्यापूर्वी कामगारांना २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते त्यांपैकी एक आहे. आणि कायदा आड आला नसता तरी त्याने जो विश्वास उडतो तो पुन्हा मिळवणे कठीण असते. त्यापेक्षा एक तारीख ठरवून त्या दिवसापर्यंतची शिल्लक निराळ्या खात्यात काढावी, तिच्यावर कामगाराची सही घ्यावी, आणि ती तीन वर्षांत कशी उतरवायची याचा करार कामगारांच्या प्रतिनिधींशी बसून करावा: दरवर्षी काही भाग सक्तीने प्रत्यक्ष रजेच्या रूपाने, आणि उरलेला त्या वर्षीच्या पगाराच्या दराने रोख. नवीन रजेला मात्र नवी मर्यादा पहिल्या दिवसापासून लावावी, म्हणजे एकीकडून साठा उतरत असता दुसरीकडून तो भरत नाही. या कामात ज्यांच्या निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरली आहेत त्यांचा क्रम पहिला लावावा. त्यांच्या नावावरचे दिवस सर्वांत महाग आहेत, हे त्याचे एक कारण. दुसरे, आणि माझ्या मते अधिक वजनदार कारण असे, की असा माणूस महिनाभर रजेवर गेला असता त्याच्या जागी बसणाऱ्याला काय येते आणि काय येत नाही हे कळून येते, आणि जे येत नाही ते शिकवायला तो अनुभवी माणूस रजेवरून परत येणार असतो.